तीन खोटे शेवट

पृथ्वीराजचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि याला तो दिग्दर्शकाची शिस्त म्हणायचा. तसं कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत एखादी गोष्ट पोटात ठेवणं महाकठीणच. इथं सकाळी शिंक आली तर दुपारपर्यंत तालमीत तब्येतीची चौकशी सुरू होते. त्याचा एक लघुपटाचा विषय असाच कुठंतरी फुटला होता आणि वर्षभरात दुसऱ्याच कुणाच्या नावावर झळकला होता. तेव्हापासून स्वारी सावध.

पोटापाण्याला तो लग्नांची शूटिंगं करायचा. जीव मात्र चार वर्षं एकाच सिनेमात अडकला होता. चंदगडाकडच्या एका जत्रेत तंबूतला सिनेमा चाललाय. पावसानं शेवटचं रीळ भिजून खराब होतं. लोक आरडाओरडा करतात, खुंट उपटायला लागतात. तेव्हा तंबूवाल्याची बारा वर्षांची पोर पडद्यापुढं उभी राहते आणि उरलेला सिनेमा तोंडानं सांगते. गंमत अशी, की तो शेवट तिनं कधी पाहिलेलाच नसतो, कारण शेवटच्या रिळाला बाप तिला बैलांपाशी राखणीला बसवत असतो. ती मनाचाच शेवट रचते आणि लोक गप होऊन ऐकतात.

गोष्ट होतीच तशी. सिनेमा निघाला असता तर लग्नांच्या मांडवातून कायमची सुटका होती.

त्यासाठी माणसं लागतात, आणि माणसांना गोष्ट सांगावी लागते. माणसं तीन: कॅमेरा धरणारा बालमित्र सम्राट, संवाद लिहिणारी क्रांती आणि पैसे घालायला तयार झालेला गूळ-व्यापारी शिवप्रसाद. पृथ्वीराजनं शक्कल लढवली. तिघांना गोष्ट तीच सांगितली, पण पोरीनं रचलेला शेवट प्रत्येकाला वेगळा. सम्राटला सांगितलं, तंबूतल्या सिनेमाची नायिका विहिरीत उडी घेते. क्रांतीला सांगितलं, ती नवऱ्याकडं परत जाते. शिवप्रसादला सांगितलं, ती मठात जाते. खरा शेवट पटकथेतसुद्धा लिहिला नाही. गोष्ट फुटली की शेवटावरून चोर सापडणार!

आणि गोष्ट फुटलीच. रविवारी सकाळी क्रांतीनं एक लिंक धाडली. "हे बघितलंस?" अठरा मिनिटांचा लघुपट, दिग्दर्शक कुणी गडहिंग्लजची रक्षिता. तंबू, पाऊस, भिजलेलं रीळ, पोर. बारा मिनिटंही झाली नव्हती, तोवर त्याला आठवलं की सम्राट गेल्या महिन्यात गडहिंग्लजला दोन दिवस शूटिंगला गेला होता आणि कसलं शूटिंग ते बोलला नव्हता. त्यानं तिथंच लघुपट थांबवून फोन लावला.

"कितीला विकलंस रं मला?"

सम्राटनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "पृथ्या, तू आम्हा तिघांस्नी तीन शेवट सांगितलेस. दुसऱ्याच दिवशी चहाला बसलो नि ते जुळवलं आम्ही. कुणी तुला बोललं न्हाय. म्हटलं, गड्याचं पिच्चर तरी हू दे. आता बघ की शेवट. माझी ईर हाय का त्यात?"

फोन कट झाला.

त्यानं उरलेला लघुपट पाहिला. विहीर नव्हती. नवरा नव्हता, मठही नव्हता. पडद्यापुढची पोर सांगत होती, की नायिका नवऱ्याचं घर सोडते आणि स्वतःची खानावळ काढते. हा खरा शेवट होता. पृथ्वीराजनं लघुपट पुन्हा पहिल्यापासून लावला, कुठं काही धागा सापडतो का म्हणून. नावांच्या पाटीत सापडला. कथा: निर्मला.

म्हणजे बाई पक्की निघाली, त्यानं मनात म्हटलं. एकच गोष्ट दोघांना दिली! आपल्याला तिनं ती कधी दिली होती, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. त्यानं मिळेल ती गडहिंग्लजची एसटी पकडली.

निर्मलाआक्काची खानावळ स्टँडच्या मागे. चार वर्षांपूर्वी तो इथं जेवायला बसला होता. भाकरी थापता थापता आक्का आपल्या बापाच्या तंबूबद्दल बोलत गेली, आणि यानं ताटाशेजारी मोबाईल पालथा ठेवून सगळं रेकॉर्ड केलं होतं.

"काय तम्मा," आक्कानं त्याला लगेच ओळखलं, "चार वर्षांनी वाट चुकलास व्हय?"

"आक्का, ती गोष्ट तुम्ही दुसऱ्या कुणाला का दिली?"

"दुसऱ्या? माझ्या भावाची लेक हाय ती." आक्कानं पिठाचे हात पुसले. "त्या दिवशी तू मोबाईल पालथा घातलास, तवाच कळलं मला. म्हटलं, पोरगं लाजतंय. यील परत, इचारील. लई दिवस वाट बघितली बघ."

आक्कानं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला.

"तुझ्या पिच्चरात कोण हाय ती पोरगी?"

त्यानं सिनेमाच्या अनुदानाच्या सगळ्या अर्जांत लिहिलं होतं, दिग्दर्शकाच्या आजीच्या बालपणावर आधारित. खोटं बोलायला आता जोर उरला नव्हता. "माझी आजी, असं लिहिलंय सगळीकडं," तो म्हणाला.

त्याला वाटलं, आता ही ओरडेल, निदान बाहेर तरी काढेल. आक्का त्याच्यासमोर बाकड्यावर बसली.

"बरं. मग सांग, तुझी आजी पडद्यापुढं गेली तवा तिच्या हातात काय हुतं?"

"हातात?"

"रक्षितानं हेच पयलं इचारलं मला. अत्ते, हातात काय हुतं तुझ्या म्हणून. कुणी इचारलं नव्हतं आजवर." आक्काचा आवाज जरा ओला झाला. "तू पिच्चर बघितलंस नव्हं तिचं? त्यात दावलंय की."

पृथ्वीराजनं डोळे मिटून आठवून पाहिलं. तंबू आठवला, पाऊस आठवला, पाटीवरचं नाव आठवलं. त्या पोरीचे हात काही केल्या आठवेनात. लघुपट त्यानं दोनदा पाहिला होता, पण दोन्ही वेळा चोर शोधत.