श्रीमती हौसाबाई यांची हरकत नाही

मी हौसा बोलतेय. जात म्हैस, रंग काळा, शिंगं पाठीवर खांद्यापर्यंत गेलेली. बँकेच्या कागदावर मात्र माझं नाव 'श्रीमती हौसाबाई' असं आहे. ते कसं झालं, तेच सांगायला बसलेय. उभी राहून सांगितलं तर लोकांना वाटतं, मारायला येतेय.

माझा जन्म जत तालुक्यातला. तिकडं हिरवं गवत पाहुण्यासारखं येतं आणि पाहुण्यासारखंच लवकर जातं. पहिल्या वेताच्या आधीच मला बाजारात उभं केलं. तिथं एका मिशाळ माणसाने माझे दात न बघता डोळे बघितले. ते सयाजीमामा. फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. सांगलीच्या अलीकडे, माधवनगरजवळ त्यांचं चार खोल्यांचं घर होतं. घराच्या मागे अंगण, अंगणात मी. मामी गेल्यावर मामा माझ्याशीच बोलायचे. सकाळी पेपर वाचून दाखवायचे, दुधाचे भाव उतरले की माझ्यावरच चिडायचे.

मग त्यांच्या लेकीने पुण्याला बोलावलं आणि घर विकायला निघालं.

पुष्कळ लोक बघायला आले. भिंती ठोकून गेले, नळ सोडून गेले. भरतेश आणि चंदना हे नवरा-बायको आले त्या दिवशी भरतेशने भिंती ठोकल्या. चंदनाने आतल्या खोलीचं दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मग ती मागे आली आणि माझ्या कपाळावर हात ठेवून हळूच म्हणाली, "कडी लागती गं."

एवढ्यावरून मला सगळं कळलं असं नाही. पण ती नंतर दोन-तीनदा आली, तेव्हा बोलली. लग्नाला पाच महिने झाले होते. थोरल्या दिरांच्या घरात, हॉलमध्ये, कपाटाच्या आड दोघांचं अंथरूण. कपाटाच्या अलीकडे सासूबाई, पलीकडे टीव्ही. नवऱ्याशी भांडायचं तरी खुणेने भांडावं लागे. लग्न झाल्यापासून मोठ्याने हसले नाही, म्हणाली. मला हसता येत नाही, त्यामुळे यात काय अडतं ते नीट समजलं नाही.

इसार देऊन झाला. उरलेले पैसे बँकेचे. खरेदीचा दिवस शुक्रवार. एक गुळाचा व्यापारी रोख घेऊन दारात उभाच होता, त्याला गोडाऊन करायचं होतं. भरतेशने आठवड्याची मुदत मागितली. मामा म्हणाले, "फौजेत शुक्रवार म्हंजे शुक्रवार असतोय, पोरा." मामा वाईट नव्हेत. त्यांना दुसऱ्या तऱ्हेने बोलता येत नाही.

घराची किंमत ठरवायला बँकेने कराडहून एक साहेब पाठवले. बूट पांढरे. अंगणात माझं शेण पडलेलं बघून ते स्वयंपाकघरातच थांबले आणि खिडकीतून हात बाहेर काढून मागच्या बाजूचा फोटो घेतला. त्यात माझं शेपूटसुद्धा आलं नाही. मग वहीत मान घालून त्यांनी विचारलं, मागे कोण राहतं?

"मागं आमची हौसा असती की," मामा म्हणाले. "लय वर्सं झाली. पोटच्या पोरीगत हाय."

भाडं किती देते?

"तिच्याकडनं कशाचं भाडं, साहेब? उलट आमीच खायाला घालतो."

घर विकल्यावर जागा सोडेल ना?

"ती कुठली सोडतीया. चौघांनी ओढली तरी हालत न्हाई. रागाला आली तर एकेकाला आडवं करती."

साहेबांनी दया आल्यासारखं मामांकडे बघितलं आणि सगळं लिहून घेतलं. आमच्याकडे जनावराबद्दल माणसासारखंच बोलतात. कराडकडेही बोलत असतील. पण वहीत मान घातली की माणूस कुठल्याच गावचा राहत नाही.

मंगळवारी कर्ज मंजूर करणाऱ्या साताऱ्याच्या ऑफिसातून उत्तर आलं. सदर मिळकतीत श्रीमती हौसाबाई नावाच्या निराधार महिला वास्तव्यास असून त्या ताबा सोडण्यास तयार नाहीत. त्यांची संमती मिळेपर्यंत कर्ज देता येणार नाही.

भरतेश माधवनगरच्या शाखेत धावला. तिथल्या रेश्मा मॅडम आधी खूप हसल्या. मग त्यांनी कॉम्प्युटर बघितला आणि हसणं थांबवलं. साताऱ्याला फोन लावला. साताऱ्याचे साहेबही हसले, पण म्हणाले, कॉम्प्युटरला सांगून उपयोग नाही. तिथे तीनच पर्याय होते. बाईची सही, बाई मयत, नाहीतर बाईची समक्ष पडताळणी. 'बाई म्हैस आहे' असा पर्याय नव्हता. कराडच्या साहेबांना नवा अहवाल द्यायची हरकत नव्हती. फक्त त्यांना पुढच्या मंगळवारशिवाय सवड नव्हती.

संध्याकाळी मामा, भरतेश आणि चंदना माझ्या समोर येऊन बसले. घरात खुर्च्या होत्या, तरी माझ्या समोरच.

"मयत लिवून टाकू," भरतेश म्हणाला. "कोण बघायला येतंय?"

मी रवंथ थांबवला.

चंदना मातीत काडीने रेघा ओढत होती. मग म्हणाली, "जित्या जिवाला मेलेलं लिहायचं न्हाई."

"मग काय तिला बँकेत न्यायची?"

"न्यायची."

गुरुवारी मला आंघोळ घातली. मामांनी शिंगांना तेल लावलं, तेही स्वतःच्या डोक्याचं, सुगंधी. मग मामा पुढून ओढायला लागले, भरतेश मागून ढकलायला लागला, आणि मी पाय रोवले. ओढणाऱ्याच्या मागे जायचं नाही, ही आमची रीत. चंदनाने दोघांना बाजूला केलं. उसाच्या वाढ्याची, म्हणजे हिरव्या शेंड्यांची, पेंढी काखेत घेतली आणि मागे न बघता चालायला लागली. न बोलावता कुणी पुढे निघालं की म्हशीला राहवत नाही.

बँकेच्या पायऱ्यांपाशी गर्दी जमली. वॉचमन म्हणाला, टोकन घ्यावं लागेल. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "कर्ज हिच्या नावावर हाय व्हय? मग बरं हाय गड्या, थकलं तर दूध तरी काढतील."

रेश्मा मॅडम पदर सावरत बाहेर आल्या. मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. मोबाइल म्हणाला, चेहरा चौकटीत आणा. शिंगं मावेनात, म्हणून मॅडम चार पावलं मागे गेल्या. मोबाइल म्हणाला, पापण्या मिटा आणि उघडा. मी मिटल्या, उघडल्या. मोबाइलने मला माणूस म्हणून पास केलं. नंतर भरतेशचा फोटो घेतला, तेव्हा तो तीनदा नापास झाला.

मग मॅडमचा चेहरा बदलला. नियमाप्रमाणे एक प्रश्न विचारायचा होता. विचारू की नको असं त्यांना झालं असावं. पण बाई सरळ होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हौसाबाई, हे घर विकायला तुमची काही हरकत आहे का?"

कुणी हसलं नाही.

मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. बाजारात विचारलं नाही, वेताला विचारलं नाही, माझं रेडकू नेलं तेव्हाही नाही. घर गेलं की माझं काय, हे तर त्या घाईत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी मामांकडे बघितलं. ते आभाळाकडे बघत होते. चंदनाने वाढं खाली ठेवलं होतं. मला लालूच दाखवायची नाही असं तिने ठरवलेलं दिसत होतं. ओठ घट्ट मिटून उभी होती, कपाटाच्या आड उभी असावी तशी.

मी मान हलवली. नाही.

मानेवर माशी बसली होती, असं नंतर सगळे म्हणाले. माशी नव्हती.

कर्ज संध्याकाळी मंजूर झालं. शुक्रवारी खरेदी झाली. मंजुरीच्या कागदावर साताऱ्याने तेवढी एक अट घातली, की श्रीमती हौसाबाई यांनी कर्ज पूर्ण फिटेपर्यंत सदर मिळकतीत वास्तव्य करू नये.

मामा पुण्याला निघाले तेव्हा त्यांनी माझं दावं चंदनाच्या हातात दिलं. पैशाचं बोलणं तिने काढलं, पण मामांनी ते ऐकलं नाही. लेकीचे का पैसे घेतात, एवढंच म्हणाले आणि गाडीत बसून पेपर उघडला. पेपर उलटा होता.

आता मी रस्त्याच्या पलीकडे, बयाबाईंच्या घरामागच्या परड्यात बांधलेली असते. बयाबाई शेजारीण, रोज एक तांब्या दुधाच्या बदल्यात त्यांनी जागा दिली. भरतेश अट मोडायला तयार नाही. बँकेचा माणूस कधीही येईल, म्हणतो. चंदना सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन येते. आणि रोज कधीतरी त्या घरातून तिचं हसणं ऐकू येतं. भलतंच मोठं आहे. बयाबाईंच्या कोंबड्या बिचकतात.

पण वाचकहो, एक हिशेब मला झोपू देत नाही. कर्ज वीस वर्षांचं. म्हैस जगते वीस-बावीस, आणि त्यातली निम्मी मी जगून झालेय. भरतेश भेटला तर त्याला सांगा, दिवाळीला हातात काही जादा आलं तर नवा टीव्ही घेऊ नको, बँकेत भर. त्या घराला माझी हरकत नव्हती, अजूनही नाही. पण तिचं ते हसणं मला एकदा तरी रस्त्याच्या त्या बाजूला उभं राहून ऐकायचंय. म्हशीला घाई असते, हे कुणाला पटायचं नाही. मला आहे.