खोडलेली वाक्यं

"'आणि म्हणूनच कृपा हे मानवी अस्तित्वाच्या गाभ्यातील रिक्ततेला मिळालेलं चिरंतन प्रत्युत्तर होय.'"

उद्याच्या प्रवचनातलं एवढं मोठ्यानं वाचून फादरनी कान टवकारले. नळाखाली भांडी घासणाऱ्या ताईचा हात पातेल्यावर तसाच थांबला होता. फादरांची कळी खुलली. वाक्याशेजारी त्यांनी ठसठशीत बरोबरची खूण केली.

पुढचं वाक्य साधं होतं. "'देव आपल्याला पावलांवरून ओळखतो, घरचं माणूस ओळखतं तसं.'" घासणी पुन्हा खसाखसा सुरू झाली. फादरनी निमूटपणे लाल पेन्सिल उचलून ते खोडलं.

बत्तीस वर्षं दर शनिवारी दुपारी हे असंच चाले. ताई त्यांची सख्खी बहीण, त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी, चौथीपर्यंत शिकलेली. पण तिचा हात थांबला म्हणजे प्रवचन जमलं, अशी फादरांची ठाम समजूत. "कसं वाटलं गं?" विचारलं, तर म्हणायची, "छानच. येताना मीठ आण."

बुधवारी वाटाणे सोलता सोलता खुर्चीतच ताई गेली.

शुक्रवारी दुपारी फादर स्वयंपाकघरात कागद घेऊन बसले होते. उद्या तिला मातीआड करायचं, आणि त्याआधी देवळात तिच्याबद्दल बोलायचं. तीनदा वाचून झालं तरी बरं की वाईट, काही कळेना. तेवढ्यात शिंपीणबाई ताईचा इस्त्री केलेला पोशाख घेऊन आल्या. ताईशी त्यांचं रोजचं उठणं-बसणं.

"बाई, एक काम कराल? जरा भांडी घासता?"

"अगं बाई! घासते की. पण आत्ता?"

फादरनी सगळं सांगितलं. बाई आधी हसल्या, मग पदरात तोंड खुपसून रडल्या.

"अहो फादर, तुमचं सगळं उलटंच झालं की! ताई म्हणायच्या, 'त्याचं बोलणं डोक्यावरून गेलं की माझा हात थांबतो. कळत असलं की हात आपला चालू राहतो.'"

फादरनी हातातला कागद खाली ठेवला. "मग मला का नाही बोलली?"

"'एवढा शिकलाय तो, मी काय सांगू त्याला,' म्हणायच्या."

बत्तीस वर्षं! दर रविवारी बिचारी माणसं पुतळ्यासारखी बसून राहायची, आणि आपण समजायचो की तल्लीन झालीत. फादरना हसू फुटलं. हसता हसता डोळे कधी भरून आले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. मग त्यांनी कपाटातल्या सगळ्या जुन्या वह्या खाली काढल्या आणि फक्त लाल रेघांखालचं वाचत बसले.

दुसऱ्या दिवशी देऊळ भरलं होतं. पहिल्या बाकावर बेकरीवाल्याची म्हातारी आई मांडीवरच्या नातीला थोपटत होती. फादरांच्या हातात एकच चतकोर कागद होता. त्यावर खोडलेली पाच-सहा वाक्यं पुन्हा लिहून काढलेली.

"देव आपल्याला पावलांवरून ओळखतो," ते म्हणाले, "मी फाटकाशी पोचलो की ताई आत चहा टाकायची, तसं."

समोरच्या शवपेटीकडे त्यांना बघवेना, म्हणून त्यांनी म्हातारीकडे पाहिलं. तिचे डोळे वाहत होते, आणि हात नातीला थोपटतच होता.

फादरनी पुढचं वाक्य वाचलं.