बाउक्येचे लाल ठिपके

सासरेबुवांनी आपली कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, आम्हाला दिली, तेव्हा सोबत सूचना इतक्या दिल्या की त्या न्यायला दुसरी कॅराव्हॅन लागली असती. उतारावर गाडी अशी धर, वळण असं घे, शेजाऱ्यांना कधी ढकलू देऊ नकोस, अब्रू जाते. तीस वर्षं त्यांनी ती गाडीमागे बांधून फिरवली आणि कुणाला बोट लावू दिलं नाही. सासूबाई, बाउक्ये, गेल्या तशी ती अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. यंदा बाबांच्या, म्हणजे सासरेबुवांच्या, डोळ्यांनीही दगा दिला.

माझ्या नवऱ्याला, विबेला, हॉटेलची हौस. चादर दुसऱ्या कुणी घातलेली असली तरच साहेबांना झोप लागते. त्यानं आधीच एक गिऱ्हाईक हेरून ठेवलं होतं.

"एक सहल करून बघू," तो म्हणाला. "जमलं तर ठीक. नाही तर सोमवारी विकून मोकळे."

बाबा उठले आणि पुसलेल्याच काचा पुन्हा पुसत बसले. मला ते बघवेना.

एवढं धूड ओढायचा परवाना आमच्या घरात फक्त माझ्याकडे. त्यामुळे स्टिअरिंगवर मी, शेजारी विबे, मागे आमची लेक निन्के आणि बाबा. आर्देनच्या डोंगरात जायचं होतं. गावातून निघालो तेव्हा सगळं छान होतं. पण महामार्गावर एक ट्रक शेजारून गेला आणि कॅराव्हॅन डुलायला लागली. डावीकडे, उजवीकडे, आणि तिच्यामागोमाग आमची गाडीही.

"ब्रेक नको, हिल्के!" बाबा मागून ओरडले. "पाय हळूच काढ. स्टिअरिंग सरळ धर."

डुलणं थांबलं. विबेचा रंग मात्र उडाला होता. "सोमवारपर्यंत जगलो म्हणजे मिळवलं!"

पुढच्या थांब्यावर मी गाडी बाजूला घेतली. विबेनं खिशातून फोन काढलासुद्धा. "आत्ताच सांगतो त्याला, घेऊन जा म्हणावं."

"आधी आत बघू तर दे," मी म्हटलं.

कॅराव्हॅनच्या अगदी मागच्या टोकाला बसायचा बाक आहे. त्याचं झाकण उचललं, तर आत बटाट्याच्या दोन गच्च भरलेल्या गोण्या.

"हे कुणाचं काम?"

बाबा आपल्या बुटांकडे बघायला लागले. "तिकडचे बटाटे म्हणजे नुसतं पाणी गं."

"बाबा, आपण चौघं आठवडाभर चाललोय! पलटण घेऊन नाही!" विबे म्हणाला.

"आणि मागे कशाला ठेवलेत?" मी विचारलं. "जड सामान बरोब्बर चाकांच्या वर ठेवायचं असतं. मागे ठेवलं की हे असं शेपूट हलतं. परवान्याच्या वेळी पहिल्याच दिवशी शिकवलं मला."

"मला काय ठाऊक?" बाबांचा आवाज एकदम बारीक झाला. "सामान तुझी सासू भरायची. मी नुसता ओढायचो. मागे जागा दिसली, ठेवले."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. त्यांच्या त्या ढीगभर सूचनांमध्ये सामानाबद्दल एक अक्षर नव्हतं.

गोण्या मधोमध आणायला आम्ही सतरंजी गुंडाळली. निन्के खाली वाकली. "आजोबा, हे काय?"

जमिनीवर चार लाल ठिपके होते, चौकोनाच्या चार कोपऱ्यांसारखे.

"ते होय? तुझ्या आजीनं नखांचा रंग सांडला होता. गाडी नवीकोरी होती. केवढा ओरडलो होतो मी तिच्यावर."

विबेनं फोन खिशात टाकला आणि गुडघ्यांवर बसून ठिपक्यावरून बोट फिरवलं. "बाबा, आईनं आयुष्यात कधी नखं रंगवली होती?"

निन्के बाहेर पळाली, वाकून खाली बघून आली आणि म्हणाली, "चाकं बरोब्बर याच्याखाली आहेत!"

आम्ही दोन्ही गोण्या ठिपक्यांच्या मधे ठेवल्या. मापून घेतल्यासारख्या बसल्या. बाबा पायरीवर टेकले.

"गावभर सांगत फिरायचो मी, माझी कॅराव्हॅन रेषेत चालते म्हणून."

"आणि आई काय म्हणायच्या?" मी विचारलं.

"काही नाही. कॉफी ओतायची." आणि ते हसायला लागले, डोळे पुसत हसायला लागले. मलाही रडू आवरेना. धन्य त्या बाईची! तीस वर्षं गाडी सरळ चालवली आणि मान नवऱ्याला मिळू दिला.

तिथून पुढे कॅराव्हॅन शहाण्या मुलीसारखी आली. कॅराव्हॅनच्या तळावर पोचलो, तर लोक खुर्च्या टाकून कॉफी पीत तयारच. नव्या माणसाची गाडी मागे घेताना बघणं हीच कॅराव्हॅनवाल्यांची संध्याकाळची करमणूक. दोनदा मी ती कुंपणात घातली. चार शेजारी बाह्या सरसावून उठले, तसं विबेनं धास्तावून बाबांकडे पाहिलं.

"बघत काय बसलात? ढकला!" बाबा ओरडले आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच खांदा लावला.

जेवायला ते चौघे आणि त्यांच्या घरचेही आमच्याकडेच. बटाटे उकडून लोण्यात घोळवले, आणि ते सोलायला विबे बसला, ज्यानं घरी कधी कांद्याला हात लावलेला नाही. मधेच त्यानं हात पुसले आणि फोन लावला.

"नाही, विकायची नाही. हो, नक्की. माफ करा हं." मग गोण्यांकडे बघून म्हणाला, "बटाटे हवेत का? भरपूर आहेत."

"बटाटेही द्यायचे नाहीत!" बाबा आतून ओरडले. "मग पुढच्या वेळी तिच्या ठिपक्यांमधे काय ठेवू?"