तुरीतले पुरुष

सहा महिन्यांचं बाळ नवऱ्याच्या हातात देताना भागिरथाच्या सूचना संपेनात. उन्हात नेऊ नका, मुठी तोंडात घालू देऊ नका, रडला तर उभा धरा.

"अवं, पोरगं हाये का काचेची बरनी?" देवमन म्हणाला.

आज ती पहिल्यांदा बुद्धविहारापुढच्या सभेत बोलणार होती. कॉलेजात तिला तत्त्वज्ञान शिकवलेल्या दुर्गाबाई नागपूरहून शेलूबाजारजवळच्या या गावात येत होत्या. त्यांच्यासमोर तोंड उघडलं नाही, तर बी.ए. चुलीत गेलं असं तिला वाटत होतं.

दुर्गाबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. लग्न ही बिनपगारी नोकरी आहे, असं पुस्तक लिहून त्यांनी सख्ख्या भावाचं बोलणं बंद करून घेतलं होतं. दारूच्या गुत्त्यासमोर धरणं धरून तुरुंगातही जाऊन आल्या होत्या.

पण साल होतं शहात्तर. जीप आली की नसबंदीवाले आले, हे गावाला पाठ. जीपमधून केस कापलेली बाई उतरली आणि भागिरथाचा सासरा पुंजाजी ओरडला, "पया रे! डाक्टरीन आली!"

पाच मिनिटांत सगळे बाप्ये विहारामागच्या तुरीत. देवमनही, बाळासकट. उरला भोंगेवाला हबीब. "माहं मागच्या महिन्यातच झालं," तो भागिरथाला म्हणाला. "आता मी कायले पयू?"

"पुरुष ऐकायला येतच नाहीत, हे मी नेहमी सांगते," म्हणत दुर्गाबाई खुशीत तासभर बोलल्या. बाईनं घर सोडून बाहेर पडलं पाहिजे, म्हणाल्या.

"पडतो ना बाई, रोजच," धनीबाई म्हणाली. "निंदाले."

मग भागिरथा उठली. "भगिनींनो," म्हणते तोच तुरीतून बाळाचं रडणं आलं.

"जाय, पोराले घेऊन ये," सासू लिलाबाई म्हणाली. "झालं तुहं भाषन."

एकदा खाली उतरलं की परत वर येणं होणार नाही, हे भागिरथाला कळत होतं. तिनं माईकला तोंड लावलं. "अहो! त्याले उभं धरा!"

तुरीतून वीस डोकी वर आली. प्रत्येकाला आपलीच बायको वाटली.

"तुमी नाही! तुमी!"

आता डोकी एकमेकांकडं बघू लागली. बाळ टाहो फोडत होतं. भागिरथानं डोळे मिटले.

"देवमन! पोराले खांद्यावर घ्या! अन् इकडं या, ह्या डाक्टरीन नाहीत, माह्या मास्तरीन हायेत!"

नवऱ्याचं नाव! भोंग्यावरून! बायांचे हात तोंडावर गेले. रडणं थांबलं. दुर्गाबाईंनी झोळीतून वही काढली.

लिलाबाई उठली. सून समजली, आता काही खरं नाही. सासूनं तिला बाजूला सारलं, घसा खाकरला आणि पस्तीस वर्षांत न उच्चारलेलं नाव घेतलं.

"पुंजाजी! निंगा बाहीर, म्हातारपनी कोन कापते तुमाले?"

मग माईकपुढं रांगच लागली. एकेक नाव पुकारलं जाई, एकेक पुरुष मान खाली घालून सभेत येऊन बसे.

भागिरथाची पाळी पाऊण तासानं आली. भाषण तिनं शेवटपर्यंत केलं, टाळ्याही पडल्या. काय बोलली ते मात्र तिला आठवत नव्हतं. समोर देवमनच्या खांद्यावर बाळ झोपलं होतं, टोपडं उलटं घातलेलं, आणि ती सारा वेळ तेवढंच बघत होती.