फोटोबरहुकूम

मर्सीने फोन खांदा आणि कानाच्या मध्ये दाबून धरला आणि हॉलमधला सोफा एकटीनेच भिंतीकडे ढकलायला सुरुवात केली. पप्पांची शवपेटी मधोमध ठेवायची तर टीपॉयही बाहेर काढावा लागणार होता.

"कुठे पोचलास?"

"चिंचोटी. हायवेवर गाड्या हलतच नाहीयेत," पलीकडून तिचा भाऊ मेलरॉय म्हणाला. "पप्पांना आणलं?"

"निघालेत माणिकपूरहून. येतीलच." तिने मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात एरॉलकाका चहाचा कप घेऊन उभे होते. तिने आवाज खाली आणला. "मेल, तू लावून निघालायस का?"

"काय?"

"काय ते तुला कळतंय."

"सवयीने थोडं लावलं गं. सकाळी."

"तोंड धुऊन ये. वाटेत कुठेही थांब, पण धुऊन ये."

तो "बरं" म्हणाला आणि फोन बंद झाला.

सोफ्याच्या हातावर बसल्यावर तिच्या लक्षात आलं, हे वाक्य तिचं नव्हतंच. तीन वर्षांपूर्वी, गावच्या चर्चच्या सणाला, याच हॉलमध्ये पप्पांनी ते उच्चारलं होतं. मालिकांमधल्या नटनट्यांचे चेहरे रंगवणारा मेलरॉय त्या दिवशी स्वतःच्याही चेहऱ्याला मेकअपचा हलकासा थर लावून आणि डोळ्यांत काजळ घालून आला होता. टेबलावर डुकराच्या मटणाचं इंदियाल ठेवलेलं, सगळं कुटुंब बसलेलं. एरॉलकाका म्हणाले, "लग्न कोणाचं रे? नवरी तर येऊन बसली!" सगळे हसले. मर्सीसुद्धा हसली, थोडंसं. पप्पा हसले नाहीत. "तोंड धुऊन ये, मग जेवू," ते म्हणाले. मेलरॉय मोरीकडे गेला नाही, दाराकडे गेला. त्यानंतर त्याचा फोन यायचा तो फक्त आईला, दुपारी, पप्पा वाडीत असताना.

"काय म्हणतो कलाकार?" एरॉलकाकांनी विचारलं.

"पोचतोय. चिंचोटीला अडकलाय."

"तो लांब शूटिंगवर, म्हणून त्याच्यासाठी दोन दिवस भावाला बर्फात ठेवला आम्ही." त्यांनी कप खिडकीत ठेवला. "ऐक बाय, तुला आत्ताच सांगून ठेवतो. तो तसला थोबाडाला फासून आला ना, तर त्याला पेटीच्या डोक्याशी उभा करायचा नाही. मागे बसू दे कुठे तरी. अर्धी वसई येणार आहे आज. ॲन्सेल्मचा पोरगा म्हणून काय दाखवायचं लोकांना?"

"पप्पांच्या डोक्याशी मुलगाच उभा राहतो, काका."

"मुलगा असला तर." मग त्यांनाच ते जास्त झालं असावं. ते खिशातून रुमाल काढत अंगणात गेले आणि मांडववाल्यावर ओरडू लागले.

मर्सीने खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. फाटकाशेजारी पप्पांच्या निधनाचा बोर्ड लावला होता. फोटो तिच्या लग्नातला. घाईघाईत तिला तोच सापडला आणि तोच तिने बोर्डवाल्याला आणि पार्थिव तयार करणाऱ्या माणिकपूरच्या अंडरटेकरला, व्हिव्हियनला, मोबाइलवर पाठवला होता. स्टुडिओवाल्याने तेव्हा अल्बममधल्या सगळ्यांनाच गोरं करून ठेवलं होतं. पप्पांनी अल्बम पाहून विचारलं होतं, "हा कोण? तुझा सासरा?"

गाडीचा आवाज आला तशी अंगणातली कुजबुज थांबली. चौघांनी पेटी आत आणली आणि स्टुलांवर ठेवली. व्हिव्हियनने झाकण उचललं, आतली झालर हलक्या हाताने सारखी केली आणि तो बाजूला झाला.

मर्सीने पुढे होऊन पाहिलं आणि तिचा हात पेटीच्या कडेवरच राहिला.

पप्पांना सूट नीट बसला होता. पांढऱ्या हातमोज्यांमध्ये रोझरीची माळ गुंफली होती. पण चेहरा गुलाबी होता. जन्मभर केळीच्या वाडीत उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाच्या गालांवर लाली होती. ओठ ओले असल्यासारखे चमकत होते. भुवया काळ्या, कोरलेल्या.

"फोटोबरहुकूम केलंय," व्हिव्हियन हळूच म्हणाला. "पडताना गालाला लागलं होतं ना त्यांना, काळानिळा झाला होता. काही दिसतंय का आता?"

"नाही," मर्सी म्हणाली. खरोखरच काही दिसत नव्हतं.

आता बायका आत येतील, तोंडाला पदर लावतील. एरॉलकाका तर पेटीच बंद करायला लावतील. पण काका आले, पेटीशी उभे राहिले, त्यांनी क्रूसाची खूण केली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"केवढं तेज आलंय तोंडावर," ते म्हणाले. "झोपल्यासारखा दिसतो माझा भाऊ."

मागून शेजारची सालोमीमावशी आली. "देवा! नवरदेव गं नुसता! क्लेमेंटीनने, तुझ्या आईने, लग्नात तरी असा पाह्यला असेल का?"

कोणीतरी फोटो काढला. कोणीतरी व्हिव्हियनला कुणाला सुचवायचं म्हणून नंबर विचारला. मर्सीने खुर्चीची पाठ धरली. आपल्याला हायसं वाटायला हवं, असं तिला वाटलं, पण खुर्ची तिने सोडली नाही.

फाटकाशी रिक्षा थांबली. मेलरॉय चिंचोटीला टॅक्सी सोडून रिक्षाने आला होता. पाठीवर सॅक, केस कपाळाला चिकटलेले. चेहरा स्वच्छ धुतलेला. इतका घासून धुतलेला, की नाकाच्या दोन्ही बाजू लाल झाल्या होत्या. डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. मर्सीला तो एकदम चाळिशीचा वाटला. एरॉलकाकांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि वाट दिली.

तो पेटीशी आला. वाकून चेहरा पाहिला.

"हे कोणी केलं?" त्याने विचारलं.

"मी फोटो पाठवला होता," मर्सी पुटपुटली. "माझ्या लग्नातला."

त्याने मान हलवली. पप्पांच्या चेहऱ्यावरून त्याची नजर धंद्याच्या सवयीने फिरली. गाल, हनुवटी, मग कॉलरपाशी गुलाबी रंग जिथे संपत होता आणि खाली खरी मान सुरू होत होती, तिथे येऊन थांबली. त्याने हात खिशात घातले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आईला आणलं. काळी साडी नेसलेली, दोन्ही बाजूंनी दोन पुतण्या. बायकांनी वाट केली. आई वाकली आणि तिने पप्पांच्या गालाचा मुका घेतला. मग तशीच वाकलेली राहिली. सरळ झाली तेव्हा तिच्या ओठांना गुलाबी रंग लागला होता. तिने तो बोटाने पुसला आणि बोटाकडे पाहिलं.

"ह्यांना काय लावलंय?"

तिने बोट पदराला पुसलं.

"ह्यांचा वास नाय येत," आई म्हणाली. "मर्सी, हे दुसरेच कोणी दिसतात गं."

"काकी, किती छान दिसतात बघा की," एक पुतणी म्हणाली.

"मला छान नको." आईने आजूबाजूला पाहिलं आणि तिला मेलरॉय दिसला. इतका वेळ तिने त्याला पाहिलंच नव्हतं. ना जवळ घेतलं, ना रडली. फक्त म्हणाली, "मेल, तुला काढता येतं ना हे?"

मेलरॉयने मर्सीकडे पाहिलं. खोलीतले सगळेच मर्सीकडे पाहत होते, निदान तिला तसं वाटलं. बाहेर अंत्ययात्रेचे बँडवाले येऊन बसले होते. एकाने ट्रम्पेट फुंकून पाहिला. फादर निघाल्याचा निरोप आला होता. आता काढायला घेतलं तर उशीर होईल. काळानिळा गाल दिसेल. लोक बोलतील, मुलगा आला आणि बापाचं तोंड खराब करून गेला.

"काढ," ती म्हणाली.

त्याने सॅक उघडली. आतून कापूस आणि मेकअप उतरवायच्या पाण्याची एक बाटली काढली. बाटलीतलं पाणी कापसावर घेतलं आणि आधी ते स्वतःच्या मनगटावर लावून पाहिलं. मग कपाळापासून सुरुवात केली. तो घासत नव्हता, टिपत होता. एकेक बोळा गुलाबी होऊन मर्सीच्या ओंजळीत येत होता. भुवयांमधले पांढरे केस वर आले. कोयत्याच्या जुन्या घावाचा व्रण वर आला. ओठ कोरडे, काळपट झाले. गालाचा काळानिळा डाग हळूहळू पसरत गेला आणि त्याच्या कडेने हिरवट छटा दिसू लागली. मेलरॉय तिथे थांबला, कापूस बदलला आणि तेवढी जागा सगळ्यात हळू पुसली.

"अरे, काय करतोस हे?" एरॉलकाका पुढे आले. "असा न्यायचा का त्याला चर्चमध्ये? मेलेला दिसतोय तो!"

आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आलं असावं. ते मेलरॉयच्या अगदी जवळ गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "थोडं तरी लाव रे. गालापुरतं. तुझ्याकडे असेल ना चांगल्यातलं? तुझा तर हातखंडा."

मेलरॉयच्या हातात शेवटचा बोळा होता. मर्सीला वाटलं, आता तो हसेल, किंवा तीन वर्षं साठवलेलं काहीतरी बोलेल. पण त्याने फक्त बाटलीचं झाकण लावलं.

"आहे, काका," तो म्हणाला. "पण त्यांना आवडायचं नाही."

एरॉलकाका मागे सरले.

आईने पुन्हा वाकून मुका घेतला, त्याच डागावर. या वेळी ती लगेच सरळ झाली आणि खुर्चीत बसून मोठ्याने रडू लागली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

बाहेरची माणसं शेवटच्या दर्शनाला आत यायला लागली. सगळ्यात पुढे पुन्हा सालोमीमावशीच होती. बहिणीला नवरदेव दाखवायला घेऊन आली होती. पेटीत डोकावली आणि दचकून मागे सरली.

"अगो! हे काय झालं? मघाशी किती गोरा दिसत होता!"

ओंजळीतला ओला कापूस तिने मुठीत दाबला.

"काळेच होते ते, मावशी," ती म्हणाली.

मागची रांग पुढे सरकली. मर्सी पेटीच्या डोक्याकडे आईच्या खुर्चीला लागून उभी होती. ती एक पाऊल बाजूला झाली आणि पप्पांच्या डोक्याशी रिकाम्या झालेल्या जागेकडे, मेलरॉयकडे न बघताच, तिने त्याला हाताने खूण केली.