चट्टा उन्हात पाहावा

सुलोचनाबाई कोणाच्याही अंगावरचा चट्टा दिव्याच्या उजेडात पाहत नसत. हा त्यांचा नेम दवाखान्यातही ठाऊक होता आणि खेड्यांतही. कंदील असो की बल्ब, पिवळ्या उजेडात फिकट चट्टा कातडीत मिसळून जातो, आणि महारोग आतल्या आत पुढे सरकतो. म्हणून वर्ध्याच्या मिशन दवाखान्यातून त्या पाहणीला निघत, त्या सकाळीच. बायकांना मागच्या अंगणात बोलवायचं, दोरीवर चादर टाकून आडोसा करायचा, पाठ उन्हाकडे करायला लावायची. मग डोळे मिटायला सांगून कापसाची बारीक वात कातडीला टेकवायची. लागलं त्या जागी बाईनं बोट ठेवायचं. बोट हललं नाही, म्हणजे ती जागा बधिर झाली, की सुलोचनाबाई मनात प्रभूचं नाव घेत.

घरचा नेम वेगळा. पहाटे चुलीला हात लावायच्या आधी गुडघे टेकायचे, पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, एक अध्याय वाचायचा आणि त्यातलं एक वचन दिवसभर सोबत ठेवायचं. नवरा गेल्याला बारा वर्षं झाली होती, पण त्यात खंड पडला नव्हता. बोरगाव मेघेच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांची लेक नलू, दोघीच राहत.

अठ्ठ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत नलूचं लग्न ठरलं. मुलगा हिंगणघाटचा, ख्रिस्ती घरातला, शाळेत मास्तर. त्याची आई वच्छलाबाई जिभेची तिखट, पण मनात काही न ठेवणारी. सुपारीच्या दिवशी सगळ्यांसमोर ती म्हणाली, "नलू, आईनं तुले सुई टोचाले शिकवलं असन. माह्या पोराले नको टोचजो."

रीतीप्रमाणे चर्चमध्ये पाळकांनी पहिल्या रविवारी लग्नाची सूचना वाचली. या दोघांचा विवाह ठरला आहे, कोणाला रास्त हरकत ठाऊक असेल तर त्यानं सांगावी. असं तीन रविवार वाचतात, मगच लग्न लागतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुलोचनाबाई लग्नाच्या पोलक्याचं माप घ्यायला बसल्या आणि त्यांचा हात थांबला. पाठीवर डाव्या खवाट्याखाली चिंचोक्याहून थोडा मोठा, फिकट डाग होता. त्यांनी कंदील जवळ घेतला.

"काय पाहून राह्यली, आई?"

"काई नाई. घामोळं असन."

"फेब्रुवारीत?"

"मंग कापडाची खाज असन. सरळ बस."

त्यानंतर रोज संध्याकाळी त्या काही ना काही निमित्तानं तो डाग पाहत. कंदिलाच्या उजेडात तो कधी दिसे, कधी दिसत नसे. दिसला नाही की त्यांना रात्री झोप लागे. सकाळी मात्र त्या नलूच्या पाठीकडे नजर जाऊ देत नसत. आपण काय करतो आहोत हे त्यांना नेमकं कळत होतं. औषधाविना राहिलेल्या बायकांची वाकडी बोटं त्यांनी आपल्या हातात धरली होती. तरी मन म्हणे, आधी अक्षता पडू देत. मग महारोगाच्या गोळ्या ताकदीच्या म्हणून देत राहीन, कोणाला कळायचंही नाही. आता सांगितलं तर पोरीला आयुष्यभर कोण दारात उभं करील?

दुसऱ्या रविवारी पहाटे वाचनात नेमका तो अध्याय आला, ज्यात विश्वासणाऱ्यांना उजेडाच्या लेकरांसारखं चालायला सांगितलं आहे. त्यांनी पान मिटलं. त्या दिवशी वचन निवडलं नाही. चर्चमध्ये पाळकांनी पुन्हा सूचना वाचली आणि 'हरकत' हा शब्द आला, तेव्हा त्या सतरंजीचे दोरे मोजत बसल्या होत्या.

मंगळवारी त्या पवनारला गेल्या. धाम नदीच्या काठी वांगी-मेथी लावणाऱ्या तानाबाईच्या दंडावर डाग आहे, असं शेजारणीनं कळवलं होतं. तानाबाईनं त्यांना आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"इथंच पाहा, बाई. दिवा लावते."

"दिव्यानं दिसत नाई, तानाबाई."

"म्हणून तं लावते."

सुलोचनाबाईंना हसू आलं. एरवी त्या अशा वेळी समजुतीचे चार शब्द सहज बोलत. भिऊ नका, हा शाप नाही, लवकर कळलं तर बरं होतं. आज त्यांनी सुरुवात केली आणि मध्येच अडखळल्या.

तानाबाई म्हणाली, "तुमचं बोलणं गोड हाय, बाई. पण माह्या हातची भाजी उद्या बजारात कोन घेईन? तुमच्या लेकीले डाग निघाला असता, तं तुमी काढलं असतं का तिले उन्हात?"

तिला काहीच ठाऊक नव्हतं. बोलायचं म्हणून ती बोलली होती. सुलोचनाबाईंच्या बोटांत कापसाची वात तशीच राहिली.

"नाई काढलं," त्या म्हणाल्या.

"काय म्हणता?"

"आठ दिवस झाले, तानाबाई. मी नाई काढलं."

मग तानाबाईनं लुगड्याचा पदर दंडावरून खाली ओढला आणि आवाज उतरवून म्हणाली, "मंग आधी तिले काढा. मंग माह्याकडे येजा."

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसून होत्या. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं की आपण प्रभूचा उजेड घरोघर नेतो. नेलाही होता. पण तो नेहमी दुसऱ्याच्या पाठीवर धरला होता. आपण त्यात उभं राहायचं असतं, हे वाचत आलो आणि जगलो नाही. अंधारात ठेवलं होतं ते पोरीच्या पाठीवरचं नव्हे, आपल्या मनातलं, हे त्यांनी तिथंच देवापाशी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात उतरल्यावर त्यांनी चादर बांधली आणि नलूला हाक मारली. काय पाहायचं आहे ते आधी सांगितलं. पाठ उन्हाकडे करून नलूनं डोळे मिटले.

उजव्या खांद्याला वात टेकली. बोट आलं. मानेला टेकली. बोट आलं. मग सुलोचनाबाईंनी वात डाव्या खवाट्याखाली टेकवली आणि थांबल्या.

"लाव ना, आई," नलू म्हणाली.

"लावली, बेटा."

नलूनं डोळे उघडले. वळून तिनं आईकडे पाहिलं.

"तुले कवापासून माहीत हाय?"

"पोलक्याचं माप घेतलं तवापासून."

"आन तू घामोळं म्हणली."

"हो. चुकलं माह्यं. प्रभूनं माफ केलं असन, पण तू करशील तवाच मले चैन पडन."

नलूनं पोलकं घातलं, चादर सोडून तिची घडी केली. नंतर म्हणाली, "माफीचं मंग पाहू. आधी गोळ्या दे. हिंगणघाटले मी बी येतो. मीच सांगीन, तू नको सांगू."

शनिवारी वच्छलाबाईच्या ओसरीवर नलूनं सांगितलं. एकच चट्टा आहे, कोणाला लागण्यासारखा नाही, गोळ्या दोन-तीन वर्षं घ्याव्या लागतील. वच्छलाबाईच्या हातातलं सूप तिच्या मांडीवर टेकलं.

"लपवलं असतं तं मले कळलंबी नसतं," ती म्हणाली.

"नसतं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "मी तेच करणार होती."

वच्छलाबाईनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "खरं सांगतो, बाई, मी देवमाणूस नाई. मले भेव वाटते. मी हो म्हणून नाई राह्यली, अन् नाईबी म्हणून नाई राह्यली. पोराले विचारतो. उद्या मात्र सूचना नका वाचू म्हणा."

तिसऱ्या रविवारी पाळकांनी दोन आजाऱ्यांसाठी प्रार्थना सांगितली आणि सरळ गीताचा क्रमांक सांगितला. बायकांच्या सतरंजीवर माना वळल्या. मागं बसलेल्या गोपिकानं तान्ह्या लेकराला थोपटत विचारलं, "काऊन व बाई, नलूचं नाई वाचलं?"

तारीख पुढं गेली, हे शब्द सुलोचनाबाईंच्या ओठांवर आले. ते पूर्ण खोटंही नव्हतं. त्यांनी नलूकडे पाहिलं. नलू गीताचं पान शोधत होती, पण तिचे कान इकडेच होते.

"तिले चट्टा निघाला," सुलोचनाबाई म्हणाल्या. "महारोगाचा हाय. औषध सुरू केलं."

गोपिकाचा हात लेकरावर थांबला. तिनं त्याला छातीशी ओढलं आणि थोडी मागं सरकली. सुलोचनाबाईंची मान खाली गेली नाही.

पेटी वाजू लागली. नलूनं पान उघडलं, पुस्तक आईच्या आणि आपल्या मध्ये धरलं, आणि गायला सुरुवात केली. पहिल्या ओळीला तिचा आवाज जरा कापला. दुसऱ्या ओळीला मागून गोपिकाचा बारीक सूर त्यात येऊन मिळाला. ती जिथं सरकली होती तिथंच बसून होती, पण उठून गेली नव्हती.