गाडी एवढ्या लांब येत नाही

आमच्या धनश्रीच्या लग्नाच्या सुपारीत पोरीबद्दल दोन वाक्यं झाली आणि गाडीबद्दल दोन तास. मी तिची आई, उषाबाई. सुरतच्या डिंडोलीतल्या आमच्याच घरात, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून शब्द न् शब्द ऐकलाय, म्हणून सांगते.

पाहुणे जळगावचे. व्याही सुकदेवराव, आवाज एवढा मऊ की खिसा कापला तरी आपणच त्यांना या-बसा म्हणावं. पहिल्याच बैठकीत म्हणाले होते, "आम्हाला देण्याघेण्याचं काही नको, बन्सीभाऊ. फक्त पोरीच्या सोयीसाठी एक गाडी द्या. आखाजीला, दिवाळीला तिलाच सुरतला येता-जाता येईल. बसचे धक्के कशाला?" आमचे हे विरघळले. आयुष्यभर दुसऱ्याच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, लूम चालवून आता कुठं स्वतःचं एम्ब्रॉयडरीचं खातं टाकलेला माणूस, त्याला जळगावचा बंगलेवाला 'भाऊ' म्हणाला की झालं. रात्री मी म्हटलं, "हुंड्याला चाकं लावली की त्याची सोय होते का हो?" तर म्हणे, "हळू बोल वं, भिंतींना कान असतात." भिंतींना असतात, यांना नाहीत.

तर सुपारीचा दिवस. मुलगा गजेंद्र, त्याला इलेक्ट्रिक पाहिजे. त्याचा मेहुणा वैभव पुण्याला गाड्यांच्या कंपनीत, तो प्लग-इन हायब्रिडवर अडून बसलेला. नारळ, साडी, सुपारी ताटात तशीच, आणि या दोघांची जुंपली.

"प्लग-इन घ्या," वैभव म्हणाला. "घरच्या साध्या पॉइंटला लावली की रात्रीत भरते. पन्नास-साठ किलोमीटर बॅटरीवर, म्हणजे गावातलं फिरणं सगळं विजेवर. लांब निघालात की पेट्रोल आहेच. सुरत काय, सोमनाथ गाठा."

"आणि बॅटरी संपल्यावर?" गजेंद्र म्हणाला. "बॅटरीचं ओझं वाहत पेट्रोलवर चालायचं. ॲव्हरेज पडतं. दोन-दोन मशिनं सांभाळा, ऑइल बदला. इलेक्ट्रिकला एक मोटर. ब्रेक दाबला तरी वीज परत बॅटरीत जाते."

"कंपनी साडेचारशे सांगते. हायवेला एसी लावून तीनशे धर. घाट चढताना आणखी खाते."

"उतरताना देते ना परत! आणि फास्ट चार्जरवर तासाभरात ऐंशी टक्के."

"चार्जर चालू असला तर, साहेब."

खोटं कशाला बोलू, दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मला माझ्या भाषेत कळलं ते असं: इलेक्ट्रिक म्हणजे घरून पोटभर जेवून निघायचं, मग वाटेत भूक लागली तर हॉटेल उघडं सापडलं पाहिजे. प्लग-इन म्हणजे घरून थोडंच खायचं, पण सोबत शिदोरी बांधलेली. पोरीला माहेरी यायचं तर शिदोरीवालीच बरी, असं मला वाटत होतं. पण मला विचारतो कोण? पोरीलाच कुणी विचारलं नव्हतं. ती डोक्यावर पदर घेऊन पाटावर बसलेली. आमच्या खात्याचा टेम्पो साड्यांनी भरून कतारगामपर्यंत एकटी चालवत नेणारी पोर ती, लायसन तिच्याकडे, आणि गाडीचं ठरवणारे हे.

शेवटी सुकदेवराव बोलले. "आमच्या घरावर सोलर आहे. वीज फुकट. पेट्रोलचा भुर्दंड कशाला? आणि एवढं लांब जायचंय कुठं?"

माझ्याच्यानं राहवलं नाही. दारातूनच म्हटलं, "सुरतला! तुम्हीच म्हणाला होता ना, आखाजीला?"

मग विहीणबाई हसल्या, "अगं बाई, उषाताई तर आत्तापासूनच वाट पाहायला लागल्या!" सगळे हसले. यांनी माझ्याकडं डोळे वटारले. पण इलेक्ट्रिक ठरली तेव्हा यांचा चेहरा कसा सैल झाला, ते मी पाहिलं. प्लग-इन गाड्या आपल्याकडं मोजक्याच आणि महाग. माणूस मनातल्या मनात सुटला होता.

माघात लग्न झालं. मांडवाबाहेर फीत बांधलेली पांढरी गाडी. लोक नवरीपेक्षा तिच्याशेजारीच उभं राहून फोटो काढत होते.

फोनवर धनश्री बरी बोलायची. काय चाललंय विचारलं की गाडीचंच सांगायची. रात्री जेवणं झाली की चार्जिंगला तीच लावते, सकाळी तीच काढते, केबल गुंडाळून जागेवर ठेवते. "चालवतेस का गं?" विचारलं, तर म्हणाली, "नाही आई, इथं सुना चालवत नाहीत."

चैत्रात जावयाच्या स्टेटसला फोटो आले. उज्जैनचे. इंदूरच्या रस्त्यावर एका हॉटेलबाहेर गाडी चार्जिंगला लावलेली आणि सासू, सासरे, नणंद, जावई उसाचा रस पितायत. धनश्री दिसेना. "फोटो तिनंच काढला असेल," हे म्हणाले. मी म्हटलं, "जळगावहून उज्जैन लांब की सुरत हो?" यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

मग आली आखाजी. आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. लग्नानंतरची पहिली आखाजी, आणि लेक माहेरी नाही, असं होत नाही. बाप नाहीतर भाऊ मुराळी म्हणून जातो आणि घेऊन येतो. यांनी रीतीनं फोन लावला.

"पाठवलं असतं हो," सुकदेवराव म्हणाले, "पण गाडी एवढ्या लांब येत नाही. ऊन केवढं! बॅटरी लवकर उतरते. वाटेत चार्जिंग नाही."

"नवापूरला हॉटेलवर आहे चार्जर. फोनवर दाखवतंय."

"बंद असतं ते."

"मग मीच येतो. रेल्वेनं घेऊन येतो पोरीला."

"काय बोलता, बन्सीभाऊ! दारात एवढी गाडी असताना सून पॅसेंजरनं जाणार? लोक काय म्हणतील? तुमचीच गाडी, तुमचीच शोभा."

हे फोन ठेवून म्हणाले, "बरोबर शे त्यासनं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काय बरोबर शे? गाडी दिली म्हणून पोर येऊ शकत नाही! नसती दिली तर कालच बसनं आली असती माझी पोर!" मुराळी म्हणून आई जात नाही, तशी रीत नाही. म्हटलं, खड्ड्यात गेली रीत. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरली.

जळगावला पोचले तेव्हा दुपार कलत होती. पोर्चमध्ये पांढरी गाडी उभी, पुढं लिंबू-मिरची टांगलेली. विहीणबाईंनी पाणी दिलं. "कळवलं असतं तर बरं झालं असतं," म्हणाल्या.

"पोरीला न्यायला आले," मी म्हटलं. "गाडी नको. गाडी राहू द्या दारात."

सुकदेवराव हसले. "आमची कुठं ना आहे, ताई? तिलाच विचारा." आणि हाक मारली.

धनश्री आली. अंगानं उतरलेली. माझ्याकडं नाही, फरशीकडं पाहत म्हणाली, "आई, हायवेला तीनशेसुद्धा धड मिळत नाहीत. उन्हात बॅटरी उतरते. वाटेत चार्जिंग नाही. गाडी एवढ्या लांब येत नाही."

एकेक शब्द त्यांचा. मऊपणासुद्धा त्यांचा. शाळेत कधी चार ओळींची कविता पाठ केली नाही या पोरीनं, बाईंशीही वाद घालायची. मी म्हटलं, "अगं, चालत चल माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत. बॅटरी कशाला पाहिजे त्याला?"

"दारात गाडी असताना पॅसेंजरनं कसं यायचं, आई?"

सुकदेवरावांनी बशीत चहा ओतला. "पाहिलंत? समजूतदार आहे पोर."

मी चहाला हात लावला नाही. उठले. धनश्री फाटकापर्यंत आली, मागं दारात विहीणबाई उभ्या. पाया पडायला वाकली आणि तशीच वाकलेली असताना आपल्या बोलीत, अगदी हळू म्हणाली, "माय, गाडी भरेल शे. मी रोज रातले लावस. रोज भरेल ऱ्हास."

म्हणजे गाडी रोज पुरी चार्ज होऊन दारात उभी असते. मी तिचं मनगट धरलं. "चाल मनासंगे. आतेच. पुढचं पुढं पाहू."

तिनं दाराकडं पाहिलं. मग हात सोडवून घेतला आणि दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सांभाळून जा हं, आई."

परतीच्या गाडीत भुसावळची एक बाई सारखी विचारत होती, बरं नाही का, बरं नाही का. तिला म्हटलं, गप बस गं माय, भांडण होईल आपलं.

आखाजीच्या सकाळी आमच्या गल्लीत कडुनिंबाला झोका बांधलेला. गल्लीतल्या साऱ्या लेकी आलेल्या. शेजारची वैशाली पलसाण्याहून नवऱ्याच्या खडखडत्या बाईकवर आली होती, कडेवर पोर. झोक्यावरूनच ओरडली, "काकू, धनश्री आली नाही? पहिली आखाजी ना तिची!"

माझ्या आधी हेच बोलले. "गाडीनी रेंज कमी पडनी, बेटा."

"मग ती पेट्रोलवर पण चालते ती घ्यायची होती ना, काका!"

यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता सगळ्या गल्लीसमोर ओकून टाकावं. उज्जैन, उसाचा रस, सोलर, सगळं. पण आमच्या गल्लीतल्या अर्ध्या घरांचे सोयरे जळगावला. मी इथं बोललेलं दिवस मावळायच्या आत त्या पोर्चमध्ये पोचणार, आणि त्याचा जाब कुणाला द्यावा लागणार? रात्री केबल लावायला खाली उतरणारीला. विषाचा घोट असतो म्हणतात, तो हाच.

झोका थांबवून सगळ्या पोरी माझ्याकडं पाहत होत्या.

"हो ना गं," मी म्हटलं. "वाटेत चार्जिंग नाही. गाडी एवढ्या लांब येत नाही."